मुंगीचे दार

५ ऑगस्ट

चि. मुंगी,

तुझा पत्ता तुझ्या जुन्या घरमालकीणबाईंनी दिला. "सांगू नका असं बजावून गेलीय, पण तुम्ही सख्खे भाऊ. तुम्हाला नाही तर काय रद्दीवाल्याला सांगू?" असे त्या म्हणाल्या. त्यांच्यावर रागावू नकोस. पत्ता मिळवण्यासाठी मला फारसे प्रयत्न करावे लागले नाहीत, हेही नमूद करतो. एप्रिलपासून मी तो मागितलाच नव्हता. तू न सांगता गेलीस याचा मला राग होता, आणि राग असला की मी चौकशी करत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आता चौकशी करणे भाग पडले आहे. काल दुपारी कचेरीत एक दंतवैद्य आले. आमच्या गोदामातून गेलेल्या औषधांच्या बिलाविषयी तक्रार असेल असे समजून मी त्यांना खुर्ची दिली आणि फाईल मागवली. त्यांनी फाईलकडे पाहिलेही नाही. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "हे तुम्हीच ना?"

मीच होतो. मावसबहिणीच्या लग्नातला, कोट घातलेला, डोक्यावर केस बऱ्यापैकी शिल्लक असलेला. खाली तुझे वाक्य होते: "हिशेबाची जबाबदारी माझ्या दादाकडे. तो एक पैसाही इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

"नाही ना होऊ दिलात?" दंतवैद्य म्हणाले. "मग माझा खेळ कुठंय?"

त्या क्षणापर्यंत मला इतकेच माहीत होते की तू पटावर खेळायचा एक खेळ तयार केला आहेस, तो छापता यावा म्हणून लोकांनी इंटरनेटवरून तुला आगाऊ वर्गणी दिली आहे, आणि त्या खात्यातून पैसे काढायला तुझ्याबरोबर माझीही सही लागते. माझा चेहरा सातशे अनोळखी माणसांना तारण म्हणून दाखवला गेला आहे, याची मला कल्पना नव्हती.

आज सकाळी मी बँकेत जाऊन आलो. चित्रकाराचे मानधन, सुताराचे लाकूड, छापखान्याला दिलेली उचल, एवढेच खर्च झाले आहे, आणि त्या प्रत्येकावर माझीच सही आहे. बाकी रक्कम जशीच्या तशी पडून आहे. मुंगी, चोरी असती तर मला समजली असती. चोरीला तर्क असतो. इथे अपहार नाही, तोटा नाही, उधळपट्टी नाही. पैसे आहेत आणि तू नाहीस. तीस वर्षे हिशेब तपासतो आहे, पण असा प्रकार माझ्यासमोर आलेला नाही.

दंतवैद्य म्हणजे सगळ्या वर्गणीदारांचे पुढारी आहेत. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तुझ्या नावाने फसवणुकीची तक्रार नोंदवण्याचे त्यांनी ठरवले आहे. तू जिथे आता चित्रकला शिकवतेस, त्या निवासी शाळेत ही बातमी पोचली तर काय होईल, ते मी सांगायला नको.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहिण्याची पद्धत आहे. या खेपेस मी ते लिहीत नाही, कारण कळून घ्यायचे आहे ते मलाच.

तुझा,
दादा

१२ ऑगस्ट

चि. मुंगी,

पत्र परत आले नाही, म्हणजे ते पोचले असे मी धरून चालतो.

शनिवारी छापखान्यात गेलो. छापखानेवाल्यांना तू ओळखतेसच, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे गृहस्थ. त्यांनी मला आतल्या खोलीत नेले. पटांचे कागद रचून ठेवले आहेत, वर प्लास्टिक, त्यावर धूळ. एका खोक्यात सुताराने पाठवलेली छोटी लाकडी दारे आहेत, बोटाच्या पेराएवढी, एका कडेला बिजागरीची रेघ कोरलेली. मी एक उचलून वास घेतला. का घेतला, ते सांगता येणार नाही.

"साहेब, यंत्र सुरू करायचं तेवढं बाकी होतं," ते म्हणाले. "आदल्या दिवशी ताई आल्या. म्हणाल्या, एक तयार डबा एका संध्याकाळपुरता द्या, चार अनोळखी माणसांना खेळायला देते आणि मी लांब बसून बघते. म्हटलं न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. 'थांबवा.' एवढंच. मी म्हटलं, शाई कालवलीय हो. तर म्हणाल्या, 'शाईचे पैसे घ्या, पण थांबवा.'"

"आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे?" त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जणू तो आवाज त्यांना पाहायचा होता. "माझ्या थोरल्या मुलीनं साखरपुडा मोडला तेव्हा तिचा होता, तसा. रडका नव्हता. ठरलेला होता."

त्यांनी मला नमुन्याचा एक डबा दिला. तो आता माझ्या टेबलावर आहे. नियमांची पुस्तिका मी दोनदा वाचली, आणि व्यवसायाने जे वाचन माझ्या वाट्याला येते त्या मानाने ती फार स्वच्छ लिहिली आहे. गोल कालवा, त्याच्या कडेने चार तळी, चार खेळाडू, प्रत्येकाचे एक दार. माझ्या तळ्यात येणारे पाणी माझ्या उजव्या शेजाऱ्याच्या दारातून येते, आणि माझे दार माझ्या डाव्या शेजाऱ्याचे पाणी सांभाळते. माझ्या पाळीला मी दार उघडले तर शेजाऱ्याला दोन थेंब मिळतात आणि मला एक. बंद ठेवले तर कुणालाच काही नाही. तळे आधी भरेल तो जिंकला. निळ्या काचेचे थेंब फार सुरेख आहेत. तुझ्या वहिनीने एक कानाला लावून आरशात पाहिला.

मला एका गोष्टीचे कुतूहल वाटते. हे सातशे लोक तुझे कोण? ते भागीदार नाहीत, त्यांना नफा मिळणार नव्हता. देणगीदार नाहीत, त्यांना डबा हवा आहे. ग्राहक म्हणावे तर त्यांनी विकत घेतली ती वस्तू अस्तित्वातच नव्हती. मी शिकलो त्या हिशेबशास्त्रात या जातीच्या माणसासाठी खाते नाही. रात्री जेवताना हे बोललो, तर तुझी वहिनी म्हणाली, "अहो, तिच्यावर विश्वास टाकणारी माणसं ती. त्याला खातं कशाला हवं?"

हे उत्तर बरोबर असेल, पण ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहायचे, ते तिने सांगितले नाही.

आणि त्या संध्याकाळी चार अनोळखी माणसांनी असे काय केले, ते तू सांगितलेले नाहीस.

दादा

२१ ऑगस्ट

चि. मुंगी,

तुझे उत्तर नाही. तेव्हा माझ्या पद्धतीने काम सुरू केले आहे. कागद बोलत नसतील तर माणसांना विचारावे.

दर महिन्याला वाचनालयाच्या मागच्या खोलीत तू लोकांना जमवून खेळ तपासून पाहायचीस, हे मला दंतवैद्यांकडून कळले. त्यांनी पहिली वर्गणी भरली तीही तिथेच, खेळून झाल्यावर, उभ्या उभ्या. मी त्यांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा ते हातमोजे काढत होते.

"मी जिंकलो होतो!" ते म्हणाले. तक्रार करायला आलेला माणूस तो हाच का, असे वाटावे इतका त्यांचा चेहरा खुलला. "शेवटच्या क्षणी! हरणार हे नक्की होतं. त्या आठवड्यात माझं सगळंच उलटं चाललं होतं, दवाखान्याला गळती, बायको माहेरी. आणि एकदम पाणी आलं. हिशेबवाले, तुम्हाला सांगतो, घरी गेलो आणि बायकोला फोन केला. कशासाठी, तर मी एका खेळात जिंकलो हे सांगायला."

मग मी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना भेटलो. त्याही जिंकल्या होत्या. चष्म्याच्या दुकानाचे मालक जिंकले होते. बँकेतली एक तरुण कारकून, जी माझ्याशी एरवी नजरसुद्धा मिळवत नाही, ती जिंकल्याचे सांगताना काउंटरच्या पलीकडून हातवारे करू लागली. प्रत्येकाची हकीकत सारखीच: शेवटच्या क्षणी, हातचे गेले असे वाटत असताना.

मुंगी, जमेची नोंद आली की तिच्यासमोर कुणाच्या तरी नावे नोंद असावीच लागते. ज्याला विचारावे तो जिंकलेला. मग हरत कोण होते?

मी हे ग्रंथपालबाईंना विचारले. त्या नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या पाठी पुसत होत्या.

"बाकीचे हरायचेच की. पण आळीपाळीनं. ज्याला त्याला कधी ना कधी जिंकल्याचं आठवतं."

"आणि माझी बहीण?"

"त्या? छे!" त्या हसल्या. "प्रत्येक डावात बसायच्या, पण एकदाही जिंकल्या नाहीत. आम्ही चिडवायचो. स्वतःच बनवलेला खेळ, आणि खेळायला इतक्या कच्च्या!"

मी निघालो, आणि दारातून परत फिरलो. असे मी सहसा करत नाही. "तुम्ही जिंकलात तेव्हा ती कुठे बसली होती?"

त्यांनी फडके खाली ठेवले, खोलीतल्या टेबलाकडे पाहिले, हवेत बोटाने खुर्च्या मांडल्या. "माझ्या उजव्या हाताला."

दंतवैद्यांना फोन केला. उजव्या हाताला. चष्मेवाल्यांना विचारले. उजव्या हाताला. बँकेतल्या मुलीला आठवत नव्हते, पण ती म्हणाली, "मी नवीन होते ना, म्हणून ताईंनी मला शेजारी बसवून घेतलं होतं."

मला वाटते मला दिसू लागले आहे. पण दिसू लागणे म्हणजे पुरावा नव्हे. येत्या रविवारी दुपारी आमच्याकडे डाव मांडतो आहे. दंतवैद्य, ग्रंथपालबाई, तुझी वहिनी आणि मी. तुझी खुर्ची नाही.

दादा

२५ ऑगस्ट

चि. मुंगी,

कालच्या डावाचा वृत्तांत देतो.

दुपारचा चहा झाल्यावर बसलो. सुरुवातीला खेळ इतका गोड चालला की मी मनातल्या मनात तुला दाद दिली. प्रत्येक जण दार उघडत होता, कारण शेजाऱ्याला दोन दिले तरी आपल्याला एक मिळतो. "घ्या, घ्या," "तुम्ही पण घ्या," असे चालले होते. थेंब तळ्यात पडताना होणारा आवाज ऐकायला दंतवैद्य ते मुद्दाम जरा उंचावरून टाकत होते.

मग तळी भरत आली. दंतवैद्यांचे तळे भरायला दोनच थेंब कमी राहिले, आणि त्यांच्या उजव्या हाताला होती तुझी वहिनी. तिने दार बंद केले. ग्रंथपालबाईंनी माझ्यासाठी बंद केले. मी वहिनीसाठी बंद केले, ज्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही. दंतवैद्यांनीही बंद केले. चारही दारे बंद. पाळी फिरत राहिली. "बंद." "बंद." "बंदच." "माझंही." उन्हाचा पट्टा टेबलावरून खाली उतरून जमिनीवर गेला, भिंतीवर चढला आणि नाहीसा झाला. दंतवैद्यांनी वाटाघाटी केल्या, गयावया केली, एकदा बिल माफ करण्याची लाच दिली. कुणीही मूर्ख नव्हते, त्यामुळे कुणीही दार उघडले नाही.

शेवटी तुझी वहिनी उठली. "मला स्वयंपाकाला लागायचंय. घ्या, जिंका एकदाचे," असे म्हणून तिने एका बोटाने दार उघडले.

दोन थेंब पडले. दंतवैद्य उडी मारून उभे राहिले, मूठ वळली, तोंड उघडले. आणि ते तसेच राहिले. हळूहळू खाली बसले.

"वहिनींनी दिलं मला हे," ते म्हणाले.



"म्हणजे त्या दिवशीही?" त्यांनी ग्रंथपालबाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हिशेबवाले, त्या दिवशीही मला कुणीतरी दिलंच होतं का?"

मी सांगितले की माझे अनुमान तसेच आहे. मला वाटले होते हे ऐकून त्यांचा राग निवळेल. मुंगी, तो वाढला. ते म्हणाले, "पैशांत फसवलं असतं तर चाललं असतं हो. पैसे मी रोज लोकांचे दात काढून मिळवतो." आणि टोपी विसरून निघून गेले.

तर असे आहे. तुझा खेळ तूच संपवत होतीस. जो खचलेला दिसेल, जो नवखा असेल, त्याला तू डाव्या हाताला बसवायचीस आणि योग्य क्षणी दार उघडायचीस. इतके अलगद, की कुणाच्या ध्यानात आले नाही. मला वाटते तुझ्याही आले नसावे. हात आपोआप जात असणार. मग छपाईच्या आदल्या दिवशी चार परकी माणसे बसली, तू लांब बसलीस, आणि खेळ संपेना. तेव्हा तुला कळले की सातशे लोकांनी ज्या आनंदासाठी पैसे भरले, तो डब्यात नाही. डब्यात तू मावत नव्हतीस.

दंतवैद्य गेल्यावर माझ्या मनात आले की खर्च झालेली रक्कम मी भरावी, सगळ्यांचे पैसे पूर्ण परत करावेत आणि प्रकरण मिटवावे. तुझ्या वहिनीने कणकेचे हात तसेच ठेवून विचारले, "म्हणजे आता तुम्ही दार उघडणार?"

मी विचार रद्द केला.

एक गोष्ट मात्र मला विचारायचीच आहे. लहानपणी मुंग्यांची रांग मोडू नये म्हणून तू वळसा घालून चालायचीस, त्यावरून तुझे हे नाव पडले. आपण बुद्धिबळ खेळायचो. तुझा वजीर नेहमी उघड्यावर असायचा. मी तुला समजावून सांगायचो, वजिराची काळजी घे. शाळेतल्या स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत बाद झालो, तेव्हा सगळे घर चकित झाले होते. तू सोडून.

मुंगी, मी एकदा तरी जिंकलो होतो का?

दादा

३ सप्टेंबर

चि. मुंगी,

तुझे कार्ड मिळाले. एवढ्या महिन्यांनंतर एक ओळ: "दादा, त्यातले काही तू खरंच जिंकलास."

'काही' म्हणजे किती? ही संज्ञा कुठल्याही हिशेबात चालत नाही. पण तो विषय नंतर घेऊ.

तुला इथे यावे लागेल. रविवारी, चौदा तारखेला दुपारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत इथल्या वर्गणीदारांची सभा मी बोलावली आहे. दंतवैद्यांची टोपी परत करण्याच्या निमित्ताने त्यांना भेटलो आणि तोपर्यंत तक्रार थांबवण्याचे वचन घेतले. ते म्हणाले, "त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला. तुमच्या नाही."

ते बरोबर बोलले. मी पुष्कळ विचार केला. हिशेब देणे आणि जबाब देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब मी देऊ शकतो. तो तयार आहे, आणि त्यात तुझ्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण कुणीही ते विचारत नाही. ते विचारतात की आम्हाला का सांगितले नाही? सदोष खेळ छापून सातशे घरी पाठवला नाहीस, हे तू योग्य केलेस. त्यानंतर फोन बंद करून निघून गेलीस, ते योग्य नव्हते. पहिल्याचा मोठेपणा दुसऱ्यातून वजा होत नाही.

तुझ्या मनात काय आहे ते मला वाटते मी ओळखतो. दोष सांगायचा म्हणजे प्रत्येकाला सांगायचे, की तुमचा तो दिवस मी दिला होता. बँकेतल्या त्या मुलीला सांगायचे. त्यापेक्षा चोर म्हणवून घेतलेले बरे, असे तू ठरवलेस. मुंगी, हेही दार उघडणेच आहे. स्वतः हरून सगळ्यांना जिंकलेले राहू द्यायचे. फक्त या खेपेस तुझ्या डाव्या हाताला बसलेल्या माणसांनी ते मागितलेले नाही. त्यांना खरे हवे आहे. दंतवैद्यांना तर नक्कीच.

मी तुझ्या वतीने बोलणार नाही. तू आली नाहीस तर मी उठून एवढेच सांगेन की ती आलेली नाही. शाळेतून दोन दिवसांची रजा मिळू शकते, हे मी तुमच्या कचेरीत फोन करून विचारले आहे. कारण सांगितलेले नाही.

वहिनी म्हणते, आपल्या घरची मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे.

दादा

२२ सप्टेंबर

चि. मुंगी,

तू आठ दिवसांपूर्वी इथे होतीस, तरी त्या दुपारविषयी लिहितो. तू पूर्ण वेळ पटाकडे पाहत होतीस. लोकांकडे मी पाहिले.

तू आत आलीस तेव्हा दारापाशी उभा असलेला एक अनोळखी वर्गणीदार शेजाऱ्याला म्हणाला, "हीच का? मला वाटलं गाडीतून येईल." तू बोलायला उभी राहिलीस आणि तुला शब्द फुटेना, तेव्हा मी खिशातला हिशेबाचा कागद काढायला हात घातला होता. वहिनीने माझे मनगट धरले. ते धरलेले मनगट दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत होते.

मग तू म्हणालीस, "मला सांगता येणार नाही. खेळून दाखवते. पण खरं खेळून."

माणसे कशी पुढे सरकली ते तू पाहिले नाहीस. मागच्या रांगेतले खुर्च्यांवर चढले. तू मला तुझ्या डाव्या हाताला बसवलेस. माझ्या डावीकडे दंतवैद्य, मग तुझी वहिनी, आणि तिच्या डावीकडे पुन्हा तू. माझ्या तळ्याला दोनच थेंब कमी राहिले, तेव्हा तुझा हात दारावर गेला. आपोआप गेला. तो लाकडावर टेकलेला मी पाहिला.  दंतवैद्य पटावर ओणवे झाले होते. ज्या माणसाने तुझ्याविरुद्ध तक्रार लिहून खिशात ठेवली होती, तो ओठांतल्या ओठांत म्हणत होता, "नका उघडू. नका उघडू."

तू दार बंद ठेवलेस, आणि म्हणालीस, "बंद."

मुंगी, एवढ्या वर्षांत तू मला पहिल्यांदा नाही म्हणालीस. मला आनंद का व्हावा, ते मला कळले नाही, पण झाला.

पाळी फिरत राहिली. बंद, बंद, बंद. आधी कुणी हसले नाही. मग मागून बँकेतली ती मुलगी म्हणाली, "अय्या, हा संपतच नाही!" आणि सगळी खोली हसली, तूसुद्धा. हसता हसता तू ते सांगितलेस, जे उभे राहून सांगता येत नव्हते. "मी बसले नाही तर हा खेळ संपत नाही. मी तुम्हाला तो विकायला नको होता. आणि हे कळल्यावर पळायला नको होतं." ती मुलगी हसायची थांबली. तिला उमगले. तिने बराच वेळ तुझ्याकडे पाहिले, आणि मग खुर्चीवरून उतरून पुढे येऊन उभी राहिली. बाहेर गेली नाही.

ग्रंथपालबाईंनी विचारले की दार बंद ठेवण्याला एखाद्या थेंबाचा दंड लावला तर? तू म्हणालीस, "लावून पाहिला. खेळ संपतो. पण मग कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळे आपापले थेंब मोजतात." मला त्यात काही वावगे वाटले नाही, पण मी हिशेबनीस आहे.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. चष्मेवाले "आम्हाला खेळ हवा होता, प्रवचन नको होतं," असे म्हणून गेले, आणि त्यांच्याबरोबर आणखी काही गेले. त्यांचे म्हणणे चूक नाही. तू जाण्यापूर्वी सह्या केल्यास, म्हणून शिल्लक रक्कम परत पाठवायला मी सोमवारीच सुरुवात केली. खर्च झालेली रक्कम तू पगारातून फेडणार म्हणालीस. त्याचा पहिला हप्ता आला, पोच सोबत आहे. दंतवैद्यांनी तक्रारीचा कागद फाडला नाही. घडी घालून परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. ताई पुन्हा पळाल्या तर लागेल."

आता मुख्य गोष्ट.

तुझी गाडी होती म्हणून डाव अर्धवट राहिला. दंतवैद्यांनी तो मोडू दिला नाही. पट वहिनीच्या मांडीवर ठेवून त्यांनी गाडी इतकी सावकाश चालवली, की एका सायकलवाल्याने आम्हाला ओलांडताना आत डोकावून पाहिले. तेव्हापासून पट आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवतो. दंतवैद्य दवाखाना बंद करून रोज येतात, पाळी नसली तरी उभ्या उभ्या "बंद" म्हणतात, चहा पितात आणि जातात. काल बायकोला घेऊन आले होते.

पाळी तुझी आहे. टपालाने कळव. तुझ्या दोन शब्दांसाठी तुला एक पत्र लिहावे लागेल आणि माझ्या दोन शब्दांसाठी मला, ही पद्धत खर्चिक आहे. तरी मी ती मंजूर केली आहे. नियमांत किती काळ खेळावे याविषयी काही लिहिलेले नाही. ती चूक आहे असे मी पूर्वी समजत होतो.

एक धोका मात्र आहे. तुझे पाणी वहिनीच्या दारातून येते. तुझे तळे भरायला दोनच थेंब कमी आहेत, आणि तिला टेबल परत हवे आहे. सकाळीच दारावर बोट ठेवून म्हणाली, "उघडू का? जिंकेल बिचारी."

मी तिला हात जोडून सांगितले आहे, एवढ्यात नको.

दादा